आमच्या लहानशा चर्चमधलं एक कुटुंब कायमचं नागपूरला चाललंय, निरोप कसा द्यायचा?

बावडेकरीण

सलाम सगळ्यांना. पोस्ट मोठी आहे, आधीच माफी मागतो (हो मी बाईच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो, मागच्या वेळी पुण्याच्या दोघांनी विचारलं होतं म्हणून सांगून ठेवलं).

आमचं चर्च लहान आहे. पस्तीसेक घरं, रविवारी अगदी भरलं तर नव्वद माणसं आणि पावसाळ्यात त्याच्या निम्मी. गावातली जुनी मोठी चर्च वेगळी, आमच्याकडं वर पत्रा आहे, पाऊस लागला की पाळक साहेबांचा संदेश दुसऱ्या बाकाच्या मागं पोचत नाही, मग ते सरळ गाणं सांगतात आणि पाऊस कमी व्हायची वाट बघतात.

तर या चर्चमधलं एक घर जूनमध्ये नागपूरला निघालंय. दादा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, आता बुटीबोरीला एका कारखान्यात चांगली नोकरी मिळालीय, पगार बराच जास्त, मुलांची शिक्षणं यायलीत पुढं, त्यामुळं जाऊ नका असं कुणी म्हणू शकत नाही आणि सगळ्यांच्या मनात तेच आहे. दादा, वहिनी, मोठी मुलगी नववीला जाणारी, धाकटा तिसरीत, आणि आजी. सतरा वर्षं हे घर आमच्यात आहे.

काय करतात ते कसं सांगू. कुलूप दादा उघडतात. दानाचा हिशोब दादांकडं. पेटी वहिनी वाजवतात, संडे स्कूल वहिनी घेतात, कुणी बाळंत झालं, कुणी आजारी पडलं तर पहिला डबा वहिनींचा. आजी काहीच करत नाहीत तसं बघायला गेलं तर, दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि कोण आलं नाही ते त्यांच्या लक्षात असतं, मग दुपारी फोन, "का आला न्हाईसा?" 2019 च्या पुरात पाणी जवळ आलं तेव्हा पाच दिवस चर्चमध्ये साठ माणसं होती, सगळी काय ख्रिस्ती नव्हती, जी आली ती आली, आणि वहिनींनी त्यांच्या घरचं मोठं पातेलं आणून तिथंच चूल मांडली. ते पातेलं परत घरी गेलंच नाही, अजून स्टोअररूममध्ये आहे.

आता भांडण असं आहे की पंच कमिटीला रीतसर सत्कार पाहिजे, शाल-श्रीफळ, भाषणं. महिला संघाला मटणाचं जेवण पाहिजे. तरुण संघ म्हणतोय व्हिडिओ करूया फोटोंचा, मागं गाणं लावूया, म्हणजे सगळ्यांनी ढसाढसा रडायचं हे नक्की. एक काका म्हणाले श्रीफळ नको, ते आपल्यात बसत नाही, त्यावरून अर्धा तास गेला. आणि काल वहिनी स्वतःच मला म्हणाल्या, "चटणी मी करून देते, शंभर माणसांचा अंदाज तुम्हाला यायचा न्हाई." म्हणजे स्वतःच्या निरोपाची चटणी स्वतःच कुटणार!! मी हो म्हणून आलो आणि रात्रभर झोप नाही.

मुलगी तर कुणाशीच बोलत नाही. चर्चला येते, शेवटच्या बाकावर बसते, आशीर्वाद झाला की पहिली बाहेर. तिला काय करावं?

बजेट पंधरा हजार आहे, ओढून ताणून अठरा. कुणी असा निरोप दिला असेल किंवा घेतला असेल तर सांगा. नागपूरचं रिझर्वेशन महाराष्ट्र एक्सप्रेसचं झालंय, सामान टेम्पोनं आधी जाणार.

मिरजेची सिस्टर

बाळ सलाम. मी मिरजेला नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर आहे. आमच्या गावात 1894 साली डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी दवाखाना काढला तेव्हापासून माणसं शिकायला येतात आणि शिकून जातात, तेव्हा मिरजकर ख्रिस्ती माणूस निरोपात मुरलेला असतो म्हण ना. दर वर्षी एक बॅच जायची. हॉस्टेलमध्ये रडारड, स्टेशनवर रडारड, आठ दिवसांनी नवीन मुली ट्रंका घेऊन हजर आणि त्या पण रडतायत, घरच्या आठवणीनं.

तुझ्या पोस्टमधलं मला एकच खटकलं ते म्हणजे चटणी. शेवटच्या रविवारी त्या घरातल्या एकाही माणसाच्या हाताला काम देऊ नको. कुलूप दुसऱ्यानं उघडायचं. पेटी दुसऱ्यानं वाजवायची, चुकली तरी. आजींच्या दाराजवळच्या खुर्चीचं काय ते तुम्ही बघा. लहान मंडळीत, म्हणजे लहान चर्चमध्ये, असं होतं की जी माणसं सगळं करतात त्यांना निरोपाचं पण तेच करावं लागतं, आणि मग गाडीत बसल्यावर त्यांना कळतं की आपण सतरा वर्षांत एकदाही सगळ्यांसारखं नुसतं बसून उपासना केली नाही. माझ्या एका मेट्रन बाईंचं असंच झालं, त्यांच्या सेंडऑफच्या चहाचे कप त्यांनी स्वतः विसळले, आम्ही नुसत्या बघत होतो, कारण त्यांना "तुम्ही बसा" म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मला अजून लाज वाटते.

म्हणजे जे द्यायचं घ्यायचं ते आधी. मे महिन्यापासूनच पेटीवर दुसऱ्याला बसव, हिशोबाची वही दादांच्या समोर दुसऱ्याच्या ताब्यात दे, किल्ली पण. शेवटच्या दिवशी किल्ली देण्याचा कार्यक्रम करू नका, ते नाटक होतं.

आणि रडण्याची एवढी भीती का? बायबलात प्रेषितांची कृत्ये विसावा अध्याय काढ. पौल मिलेतला इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतो तिथं सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि मग त्याच्या गळ्यात पडून खूप रडतात असं स्पष्ट लिहिलंय, आणि जहाजापर्यंत पोचवायला जातात. वडीलधारे होते ते, पंच कमिटीतले म्हण हवं तर.

कोणत्या दिवशीची गाडी आहे? महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेवरूनच जाते. मी डबा घेऊन येते प्लॅटफॉर्मवर. ओळख नसली म्हणून काय झालं.

तांबडा पांढरा

मी ख्रिश्चन न्हाई, पण पेठेतला हाय आणि जेवणाचा विषय निघालाय म्हणून बोलतो. पंधरा हजारात शंभर माणसाला मटण बसवायचं म्हणजे अवघड काम हाय ताई. माणशी दीडशे ग्रॅम धरलं तरी पंधरा किलो, आमच्याकडं आता किलोला आठशेच्या घरात, म्हंजे बारा हजार नुसतं मटणालाच, तांदूळ, तेल, खोबरं, गॅस वेगळा. पांढरा रस्सा करायचा तर खोबरं आणि खसखस काय कमी लागत न्हाई, आणि पांढरा न्हाई केला तर माणसं तोंडावर काय बोलणार न्हाईत पण लक्षात ठेवतील.

चिकन करा. न्हाईतर सरळ मिसळ ठेवा सकाळची उपासना झाल्यावर, कट भरपूर, पाव भरपूर, चार हजारात विषय संपतो आणि पैसे उरतात ते त्यांच्या हातात द्या. शिफ्टिंगला किती खर्च येतो ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

आणि एक सांगतो, नागपूरला गेल्यावर ते सावजी खातील, तिखट असतंय पण आपलं ते आपलं. दोन किलो चटणी कुटून बरोबर द्या. वहिनींनी न्हाई, तुम्ही कुटायची. जमंल तशी. नाद करायचा न्हाई तिथं मग.

नगरचा पाहुणा

आम्ही जाणाऱ्यांपैकी. तीन वर्षांपूर्वी नगरहून मुंबईच्या पुढं बदली झाली, तेव्हा आमच्या मंडळीनं जो निरोप दिला तो आठवून सांगतो, चांगलं पण आणि वाईट पण.

भेटवस्तू. आम्हाला चार भिंतीवरची घड्याळं मिळाली. चार. एका वन रूम किचनमध्ये. वचन लिहिलेल्या काचेच्या फ्रेम सहा, त्यातल्या दोन गाडीत फुटल्या. कुणाला नावं ठेवत नाही, प्रेमानं दिलेलं असतं, पण सामान आधी गेलेलं असतं आणि मग हे सगळं हातात घेऊन गाडीत चढायचं. तुम्ही सगळ्यांना एकच सांगा की पाकीट एकत्र करा. आणि शाल कसली देताय, जूनमध्ये नागपूरला? तिकडं पंचेचाळीसपर्यंत जातं ऊन. कूलर द्या म्हणावं.

कागदपत्रं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पाळक साहेबांकडून सभासदत्वाचा दाखला घ्यायला लावा, म्हणजे नवीन चर्चला देता येतं की ही माणसं आमच्यात चांगल्या स्थितीत होती. मुलांचा बाप्तिस्मा तुमच्याकडं झाला असेल तर त्याचेही दाखले आत्ताच घ्या, सही-शिक्क्यासकट. पुढं दृढीकरणाला (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करायचा विधी) नाहीतर लग्नाच्या वेळी मागतात आणि मग कोल्हापूरला फोन, रजिस्टर कुठंय, पाळक बदललेत, असं होतं. माझ्या बहिणीचं झालंय.

आता वाईट. रविवारी निरोप झाला, सगळे रडले, आम्ही पण. सोमवारी सकाळी मी फोन बघतो तर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हा दोघांनाही काढलेलं. ॲडमिनचं म्हणणं बरोबर असेल, ग्रुप सभासदांचा आहे, पण एवढी घाई? अजून आम्ही गाडीतून उतरलो नव्हतो. बायको दिवसभर बोलली नाही. त्यामुळं तुमच्या ॲडमिनला आत्ताच सांगून ठेवा, त्यांना वाटेल तेव्हा ते स्वतः बाहेर पडतील.

आणि पहिले आठ दिवस रोज फोन येतात, नंतर कुणाचाच येत नाही. खरी गरज तेव्हाच असते, नवीन चर्चमध्ये रविवारी आपली ओळख करून देतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि उपासना संपल्यावर आपण चपला शोधत एकटेच उभे असतो. तुमच्या आजींसारखं "का आला न्हाईसा" विचारणारं तिथं कुणी नसतं. ऑगस्टमध्ये एकदा फोन करा, पुराच्या बातम्या सांगायला म्हणून का होईना.

खरं बोलतो

मी पण कोल्हापूरचाच, चर्च कुठलं ते सांगत नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही एका घरासाठी एवढा विचार करताय, चांगलंय. पण असल्या लहान चर्चमधून दर वर्षी कोण ना कोण जातंच, कुणी गवंडी, कुणी वॉचमन, कुणी साखर कारखान्याच्या हंगामापुरतं आलेलं. त्यांच्यासाठी कुणी अठरा हजार काढलेले मी तरी बघितले नाहीत. पेटी येत असली, हिशोब येत असला, म्हणजे मग शाल. ज्याला काही येत नाही तो कधी गेला ते पण आठवत नाही कुणाला. आमचं घर असंच गेलं होतं एका मंडळीतून, वडील सफाई करायचे. पाळक साहेबांनी प्रार्थना केली, बाकी काही नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

बस एवढंच. तुमच्या निरोपाला शुभेच्छा.

बावडेकरीण

वरच्या दादांची पोस्ट वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. खरं आहे ते. आमच्याकडं पण मागच्या दिवाळीच्या आसपास एक घर गेलं, इचलकरंजीला, तो भाऊ लूमवर लागला. त्यांना आम्ही चहा पण दिला नाही. मी आठवून बघितलं तर त्यांच्या धाकट्या मुलीचं नाव मला पटकन आठवेना, संडे स्कूलमध्ये असून.

वहिनींना मी हे सांगितलं (थ्रेड दाखवला नाही, नुसतं सांगितलं). तर त्या म्हणाल्या, "मी गेल्तो की त्यांच्याकडं, पाडव्याला. तुम्हाला बोलावलं हुतं, तुम्ही म्हणलासा वेळ न्हाई." घ्या.

पाळकाचा पोरगा

पाळकाचं पोर म्हणजे निरोपाचा पदवीधर. दर तीन-चार वर्षांनी बदली, पाच गावं झाली शाळा संपेपर्यंत, त्यामुळं त्या मुलीबद्दल मीच बोलायला पाहिजे.

तिला स्टेजवर बोलवू नका. प्लीज. "आता ताई आपले अनुभव सांगेल" असलं काही करू नका. मला सातवीत असं उभं केलं होतं, मी म्हणालो "मला इथं खूप आवडलं" आणि खाली येऊन वडिलांशी महिनाभर भांडलो. मोठ्या माणसांना निरोप समारंभ पाहिजे असतो, पोरांना तो त्यांच्या विरुद्ध कट वाटतो, कारण टाळ्या वाजवणारे सगळे तिला पाठवून द्यायला तयार झालेत असं तिला दिसतं. तिच्या मैत्रिणींना पैसे द्या चारशे-पाचशे, आणि सांगा जावा रंकाळ्यावर, भेळ खावा, अंधार पडायच्या आत परत या. एकही मोठं माणूस बरोबर नको. तुमची महिला संघाची एक काकू "लक्ष ठेवायला" जाईलच म्हणून आधीच सांगतोय.

श्रीफळाचं म्हणाल तर माझ्या वडिलांचं उत्तर असं असायचं की नारळ हे फळ आहे आणि फळ देवानं केलंय, पण एका म्हाताऱ्या माणसाला ते टोचत असेल तर त्याच्यासाठी आपण एक नारळ सोडू शकतो, रश्श्यात घाला, तिथं कुणाची तक्रार नसते.

आणि पाळक साहेबांना संदेशासाठी विषय हवा असेल तर अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला सुचवा. सगळे पौलाचा निरोप घेतात, या नवरा-बायकोकडं कुणी बघत नाही. ही माणसं रोममध्ये होती, क्लौद्य बादशहानं यहूद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून करिंथला आली, राहुट्या शिवायचा धंदा. तिथं पौल त्यांच्याकडं राहिला. मग इफिसला गेली, तिथं त्यांच्या घरात मंडळी भरायला लागली. आणि रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल सलाम पाठवतो तेव्हा ती परत रोममध्ये आहेत आणि तिथंही मंडळी यांच्याच घरात! म्हणजे जिथं बिऱ्हाड जाईल तिथं चर्च, एखाद्याच्या घरी नेहमी चहाचं आधण असतं ना तसं. माझी आई बदलीची ऑर्डर आली की हे म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

नगरचा पाहुणा

भांडी आपटायची 😄 आमच्याकडं पण. बादवे नागपूरला मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सगळ्या उपासना मिळतील त्यांना, काळजी नको. पहिले दोन महिने सगळीकडं फिरून बघा म्हणावं, लगेच पेटीवर बसू नका. पेटी येते हे कळलं की संपलं.

बावडेकरीण

झाला निरोप. परवा. आज लिहितो कारण काल काही सुचलंच नाही.

सांगते सगळं, आपलं सांगतो. सत्कार झाला पण भाषणं तीनच, पाळक साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं आणि ते बघून सेक्रेटरींनी चार पानांचं मानपत्र खिशातच ठेवलं, बिचारे. शाल नाही, श्रीफळ नाही. पाकीट झालं एकवीस हजारांचं, मिसळ केल्यामुळं पैसे उरले आणि दोन घरांनी नाव न सांगता घातले. मिसळ पेठेतल्या दादांच्या सल्ल्यानं, आभारी आहे, कट संपला पण पाव उरला.

चटणी आम्ही कुटली. सहा बायका. लसूण जास्त झाला. वहिनींनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या "चांगली झालीय," आणि आम्हाला सगळ्यांना कळलं की लसूण जास्त झालाय. डबा भरून दिला तरी.

पेटीचं सांगायलाच पाहिजे. तरुण संघातला एक मुलगा आहे, कीबोर्ड छान वाजवतो, मे महिनाभर वहिनींनी त्याला बसवलं. कीबोर्डवाल्याला भाता जमत नाही हो, दोन्ही हातांची सवय, डावा हात सुटतो आणि सूर मधेच मरतो. शेवटच्या रविवारी तोच वाजवत होता. वहिनी तिसऱ्या बाकावर, आयुष्यात पहिल्यांदा तिथं बसलेल्या, माझ्या शेजारी. दुसऱ्या गाण्याला त्यानं पट्टी उंच धरली, वहिनी कायम काळी एकमध्ये वाजवायच्या, म्हाताऱ्या काकांचा आवाज पोचावा म्हणून, आणि यानं दोन-तीन पट्ट्या वर, त्यामुळं कडव्याला सगळे पुरुष गप्प आणि नुसत्या बायका किंचाळतायत. वहिनींची बोटं मांडीवर पदराखाली चाललेली मला दिसत होती. मी हात धरला त्यांचा. उठू दिलं नाही. तिसऱ्या गाण्याला त्यानं आपणहून खाली घेतली.

शेवटी पाळक साहेबांनी स्तोत्र 121 वाचलं आणि त्यांच्यावर हात ठेवून सगळ्या मंडळीनं मिळून अहरोनाचा आशीर्वाद म्हटला, बायबलातल्या गणना पुस्तकातला. एरवी पाळकच म्हणतात. सगळ्यांनी म्हणायचं हे आजींनी सुचवलं होतं. व्हिडिओ दाखवला नाही, लाईटच गेली, तरुण संघ अजून नाराज आहे.

इचलकरंजीचं घर आलं होतं. मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, उशिरा का होईना. पाळक साहेबांनी दोन्ही घरांना पुढं बोलावलं. भाऊ पुढं यायला तयार नव्हता, "आम्ही कवाच गेलोय की आता," म्हणाला, सगळे हसले पण मला काही हसू आलं नाही. त्याच्या धाकट्या मुलीचं नाव आता मला पाठ आहे. खरं बोलणाऱ्या दादांना एवढंच सांगायचं होतं.

पातेलं. मी ते घासून, पुसून परत द्यायला काढलं होतं. त्याच्यावर कडेला दादांच्या आईचं नाव घातलंय, ठिपक्या ठिपक्यांचं, जुन्या पद्धतीनं, आणि खाली लग्नाची तारीख, म्हणजे ते आजींच्या रुखवतातलं! आम्हाला एवढ्या वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं, काजळीखाली गेलेलं. मी म्हटलं आजी हे घेऊन जावा. तर आजी म्हणाल्या, "एवढं मोठं पातेलं घेऊन नागपुरात काय करू, पाच माणसं आम्ही. राहू दे हितंच. फकस्त नाव खोडू नगा." एका पंचांनी विचारलं चर्चचं नाव घालून घेऊ का शेजारी, भांडीवाल्याकडून. आजींनी त्यांच्याकडं असं बघितलं की विषय तिथंच बंद.

मुलगी रंकाळ्यावर जाऊन आली मैत्रिणींबरोबर. काकूंना आम्ही घरी बसवून ठेवलं. काय बोलल्या पोरी ते कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारलं पण नाही. स्टेशनवर मात्र ती परत गप्प, खिडकीला डोकं टेकून. आम्ही पस्तीस-चाळीस माणसं होतो प्लॅटफॉर्मला, टीसी म्हणाला लग्नाचं वऱ्हाड आहे काय.

ग्रुपमधून कुणी काढलेलं नाही. आजी रोज सकाळी वचन टाकतात, फॉरवर्डेड मेनी टाइम्सवालं.

मिरजेची सिस्टर

डबा पोचला हे सांगायला आले. मिरजेला गाडी आली तेव्हा मी त्यांचा रेल्वेचा डबा शोधत शोधत पुढं निघाले होते, तेवढ्यात खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारली, "सिस्टर तुमीच काय?" मी म्हटलं कसं ओळखलं. तर म्हणाल्या, "दुसरं कोण एवढा मोठा डबा घेऊन पळायलंय?" पाच चपात्या पाच माणसांना कशा पुरणार म्हणून मी वीस केल्या होत्या, बटाट्याची भाजी, आणि सुकं चिकन वेगळ्या डब्यात, त्यावरून आजींनी माझं कौतुक केलं आणि मीठ कमी आहे काय विचारलं. चाखलं पण नव्हतं अजून.

डबा मुलीनंच घेतला दारात येऊन. सुजलेले डोळे. मला म्हणाली, "डबा परत कसा द्यायचा तुम्हाला? आमी आता येणार न्हाई इकडं."

मी म्हटलं ठेव तुझ्याकडं. झाकणावर माझं नाव आहे.